अळ्यांचा आचारी

चारठाण्याच्या सूर्यभान आचाऱ्याच्या हातचं जेवून कुणी अर्धपोटी उठलं, असं सांगणारा माणूस जिंतूर तालुक्यात सापडला नसता. लग्नाची पंगत असो की तेराव्याचं जेवण, त्याचा अंदाज चुकत नसे. चुलीपुढं बसला की तो कुणाचं ऐकतही नसे. एकदा नवरदेवाचा बाप येऊन म्हणाला, "वरणात मीठ कमी वाटायलंय." सूर्यभाननं पळी त्याच्या हातात दिली, कमरेचा पंचा सोडून झटकला आणि म्हणाला, "घ्या, तुमी करा. मी मांडवात जाऊन नवरदेवाचा बाप होतो."

पण लग्नं उन्हाळ्यात. बाकीचे आठ महिने त्याचा मोठा झारा खुंटीला टांगलेला. त्यात पन्नाशी जवळ आली तसे धुरानं डोळे चुरचुरायला लागले. त्र्याऐंशी साली कुणीतरी सांगितलं, की परभणीबाहेर जिंतूर रस्त्याला सरकारी फारम आहे, तिथं रोजंदारीवर स्वयंपाक येणारा माणूस पाहिजे. सूर्यभाननं धोतर धुऊन नेसलं आणि यष्टीत बसला.

फारमच्या तेव्हाच्या साहेबांनी त्याच्यापुढं एक पुडी ठेवली. आत पांढऱ्या, वाळक्या पट्ट्या होत्या. "हे काय आहे, सांगता येईल? याआधीच्या तिघांनी नुसत्या गाठी करून ठेवल्या."

सूर्यभाननं पट्टी बोटात चोळली, दातात धरून पाहिली. "चायना ग्रास हाय, साहेब. गंगाखेडला एका बड्या घरच्या लग्नात फालुद्याला घातलं व्हतं म्या. आदी भिजू घालायचं, मग उकळायचं, आन हलवत ऱ्हायचं. हात थांबला की गाठी."

"उद्यापासून या," साहेब म्हणाले.

सूर्यभान दाराशी जाऊन परत वळला. "पानं किती असतेत रोज?"

"दोन-अडीच हजार."

सूर्यभानला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "येवढी मान्सं हायेत फारमवर?"

"माणसं नाहीत," साहेब म्हणाले. "अळ्या."

ज्वारीच्या ताटात शिरून आतून पोखरणारा खोडकिडा साहेबांना फारमवर वाढवायचा होता. कोणतं वाण त्याला पुरून उरतं ते बघायचं, तर कीड हाताशी पाहिजे, हवी तेव्हा आणि हवी तितकी. निसर्गाच्या भरवशावर राहिलं तर ज्या वर्षी प्रयोग, नेमकी त्याच वर्षी कीड गैरहजर. म्हणून एका खोलीत फळ्यांवर प्लास्टिकच्या डब्या मांडलेल्या, डबीत अळ्या, आणि अळ्यांना शिजवलेलं अन्न: काबुली हरभऱ्याचं पीठ, ज्वारीच्या पानांची भुकटी, यीस्ट, व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणि हे सगळं थिजवायला चायना ग्रास.

पहिल्या दिवशी सूर्यभाननं ते रटरटणारं हिरवट पिठलं पळीवर घेऊन चाखलं. न चाखता त्यानं आयुष्यात कधी काही पानावर जाऊ दिलं नव्हतं. चव त्याला बरी वाटली नाही; पण जेवणारे वेगळे, त्यांची आवड वेगळी, असं म्हणून त्यानं ते डब्यांत वाढलं. चार दिवसांत अळ्यांनी डब्या चाटून पुसून साफ केल्या. सूर्यभानचा जीव त्या खोलीत रमला तो तेव्हापासून. अळ्यांना तो 'मंडळी' म्हणायचा. सकाळी दार उघडलं की पहिला प्रश्न, "मंडळी जेवली का?" साहेबांचा तराजू सांगायचा, की याआधी फारमवर एवढ्या जाड अळ्या कधी झाल्या नव्हत्या.

गावात मात्र तोंड दाखवायची चोरी झाली. शनिवारी तो घरी गेला की पारावर कुणीतरी विचारायचंच, "सूर्यभान, आमच्या रानात अळ्या फुकट वाढायल्यात. सरकार पगार दिऊन कशापायी वाढवायलंय?" त्याची बायको कुसुमबाई बायकांत सांगायची, की मालक औषध खात्यात आहेत. फारमवरचा मुकादम मुंजाजी हाही चारठाण्याकडचाच असल्यामुळं तिचं ते औषध खातं दोन आठवडेसुद्धा टिकलं नाही. "व्हिटॅमिन खाऊ घालतो गं अळ्यांला," त्यानं बाजारात एका बाईला सांगून टाकलं. "मला खोकला झाला व्हता, तर येक गोळी दिली न्हाई बघ."

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये जुने साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉ. सत्यशीला भालेराव आली. वय तिशीच्या आत, अंगानं बारीक, आवाज हळू. वडील मास्तर. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत सोनपेठकडच्या गावातलं त्यांचं घर जळालं, तेव्हा ते चार भांडी घेऊन परभणीला आले आणि इथलेच झाले. ती स्वतः याविषयी बोलत नसे. मुंजाजीनं ते सूर्यभानला सांगितलं, आणि सांगताना आवाज उगाच खाली नेला.

पहिल्याच सोमवारी अकराच्या सुमाराला सत्यशीलानं थर्मासमधून दोन कपांत चहा ओतला. "मामा, घ्या."

सूर्यभाननं भिंतीकडं बघितलं. सातशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या हातानं आजवर त्या घरचं काही घेतलं नव्हतं. "आज सोमवार हाय, म्याडम. उपास."

"चहा चालतो ना उपासाला?"

"माझा कडक असतो."

मंगळवारी देवीचा उपास निघाला. बुधवारी त्याला पांडुरंग आठवला. गुरुवारी दत्त होताच. शुक्रवारी तो संतोषीमातेचं नाव सांगताना स्वतःच अडखळला, कारण ते व्रत बायकांचं, हे त्यालाही माहीत होतं. शनिवारी मारुती. पुढच्या सोमवारी सत्यशीलानं थर्मास उघडला आणि वर न बघता म्हणाली, "मामा, सगळे वार संपले. राहिला रविवार, तर त्या दिवशी ऑफिसला सुट्टी असते."

सूर्यभाननं पंच्याला हात पुसले. मग त्यानं कप उचलला, एक घोट घेतला, आणि त्याच्यातला आचारी त्याच्या तोंडून बोलून गेला. "साखर जास्त हाय. आन पत्ती उकळलीच न्हाई. उद्यापासून च्या मी करीन."

दुसऱ्या दिवसापासून चहा तो करू लागला. सत्यशीलाचा डबा आणि त्याचा डबा एका टेबलावर यायला आणखी महिना गेला, पण तेही झालं. घरी तो याबद्दल काही बोलला नाही. मुंजाजी बोलला.

जुलैत सत्यशीलानं नवा प्रयोग काढला. सोयाबीन त्या काळात परभणीकडं नवंच होतं. त्याचं कच्चं पीठ पाण्यात कालवून, कपड्यानं गाळून, नाना सोपस्कार करून तिनं त्यातून एक पांढरी पावडर काढली आणि बाटलीत भरून सूर्यभानपुढं ठेवली.

"मामा, आपण जेवतो तेव्हा पोटातला रस अन्नाचे तुकडे करतो. तुकडे झाले तरच ते अंगी लागतं. अळीचंही तसंच. पण या दाण्यात एक प्रोटीन असतं, ते अळीच्या पोटात त्या रसाला जाऊन चिकटतं. कुलपात काडी मोडून बसली की किल्ली फिरत नाही ना, तसं. अळी खाते, खातच राहते, पण अंगी काही लागत नाही."

"आन दाण्याला ही अक्कल कुठून आली?"

"त्याला पळता येत नाही आणि हात उगारता येत नाही. मग जीव वाचवायला काहीतरी करावं लागतं. बरीच झाडं असं करतात. उद्या हेच प्रोटीन ज्वारीच्या ताटात आणता आलं, तर फवाऱ्याचं काम उरणार नाही. फवारताना माणसं चक्कर येऊन पडतात, ते तरी थांबेल. पण त्याआधी आपल्या खोडकिड्यावर ते चालतं का, हे बघायला पाहिजे."

सूर्यभाननं बाटली फिरवून बघितली. "म्हंजे मंडळीनं पोटभर जेवायचं आन उपाशी मरायचं."

"हो."

"आन सैपाक मी करायचा."

"हो, मामा."

"हे मला जमायचं न्हाई, म्याडम. दुश्मन जरी आसला तरी येकदा पानावर बसला की पाव्हणा. त्याला उपाशी उठवायचं म्हंजे..."

"हा पाहुणा माणसाच्या ताटातली भाकरी खातो, मामा," सत्यशीला म्हणाली. तिनं कागदावर कृती लिहून दिली आणि वाचूनही दाखवली. नेहमीचं अन्न शिजवायचं, खाली उतरवायचं, भांडं हातात धरता येईल इतकं निवू द्यायचं, आणि मग त्यात पावडर घालून ढवळायचं. निम्म्या डब्यांत पावडरीचं अन्न, निम्म्यांत साधं.

सूर्यभाननं कागदाबरहुकूम सगळं केलं. भांडं निवलं की नाही ते तर तीनतीनदा हात लावून बघितलं. मग त्यानं पावडरीची चिमूट जिभेवर ठेवली, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. कच्ची शेंग चावल्यासारखा उग्र, हिरवट वास. असलं कच्चं पीठ पानावर वाढलेलं बघितलं असतं तर त्याच्या बापानं त्याला झाऱ्यानं बडवला असता. उपाशी ठेवायचं तर ठेवू, म्याडमचा हुकूम आहे, पण निदान चवीचं तरी असू दे, असं त्यानं मनाशी ठरवलं. लोखंडी कढई मंद आचेवर ठेवली, पावडर बदामी होईपर्यंत भाजली, खमंग वास सुटल्यावर उतरवली आणि निवलेल्या अन्नात ढवळून टाकली. हे कुणाला सांगायचं असतं, असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. वरणाला फोडणी दिली, हे कुणी सांगतं का?

तीन आठवड्यांनी सत्यशीलानं अळ्या तोलल्या. पावडर खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या, वजन सारखंच. तिला वाटलं, पावडर कमी पडली. दुसऱ्या खेपेला दुप्पट दिली. पावडरवाल्या अळ्या उलट थोड्या जास्तच भरल्या. नवरदेवाच्या मामासारख्या त्या डबीतून तोऱ्यात फिरत होत्या. तिनं तराजू तपासून घेतला. पाणी बदललं. बियाणं खराब असेल म्हणून दुसरीकडून सोयाबीन मागवलं आणि सगळी पावडर नव्यानं काढली. तिसऱ्या खेपेलाही तेच.

सूर्यभान मनातून खूष होता, पण तिचा चेहरा बघून गप्प राहायचा. एकदा मात्र त्याला राहवलं नाही. "म्याडम, मंडळी तर टकाटक हाय. तुमी कशाला सुकायलाव?"

"डिसेंबरात हैदराबादहून तपासणीला साहेब येणार आहेत," ती म्हणाली. "काही निघत नसेल तर प्रयोग बंद करा, असं पत्र आलंय वरून."

त्या आठवड्यात एक दिवस तिला पहाटेच जाग आली आणि परत डोळा लागेना, म्हणून दहाऐवजी ती सातलाच फारमवर आली. व्हरांड्यात पाय ठेवला तर खमंग वास, सणाच्या घरात यावा तसा. स्टोव्हपुढं सूर्यभान उकिडवा बसून कढईत काहीतरी परतत होता.

"मामा, काय भाजताय?"

"आपलीच पावडर."

"कशासाठी?"

सूर्यभाननं मान वर केली. शिकलेली बाई असून असं कसं विचारते, हेच त्याला समजेना. "आता बेसन न भाजता कुणी लाडू करतं का, म्याडम?"

सत्यशीला स्टुलावर बसली. "तिन्ही वेळा भाजली?"

"चारी येळा. पैल्या बारीला जरा करपली व्हती, तवा ती फेकून दुसरी केली."

तिनं टेबलावर डोकं टेकवलं. तिचे खांदे हलायला लागले. सूर्यभान घाबरला, पाण्याचा तांब्या घेऊन धावला. तिनं मान वर केली तर ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं किती हसण्याचं होतं, हे त्याला ओळखता आलं नाही.

"भाजलं की ते प्रोटीन मोडतं, मामा. काडी जळून जाते आणि कुलूप उघडतं. म्हणून तर निवल्यावर घाला म्हणून लिहिलं होतं."

सूर्यभाननं कढई खाली उतरवली. चार महिने या बाईचं काम आपण चुलीत घातलं, हे त्याच्या हळूहळू ध्यानात आलं. तो उठला, पंचा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "मी जातो, म्याडम. माझी हजेरी बंद करा."

"बसा खाली," ती म्हणाली. तिचा आवाज असा चढलेला त्यानं पहिल्यांदाच ऐकला. "तुम्ही गेलात तर रांधणार कोण? पाच आठवडे आहेत. आता तीन रांगा लावायच्या. एक साधी, एक भाजलेल्या पावडरीची, एक कच्च्या पावडरीची. आणि मामा, कच्ची म्हणजे कच्ची."

या खेपेला सूर्यभाननं कच्ची पावडर नाक दाबून ढवळली. आठ दिवसांत फरक दिसायला लागला. भाजलेल्या रांगेत अळ्या दणदणीत, आणि कच्च्या रांगेत दोऱ्यासारख्या. त्याही दिवसभर खात होत्या, हेच त्याला बघवेना. अन्न संपत होतं आणि अंग भरत नव्हतं. तो त्या डब्यांपुढं उभा राहून म्हणायचा, "माझा विलाज न्हाई, बरं का."

शनिवारी घरी गेला तर ताटावरून तसाच उठला. कुसुमबाईनं विचारलं, "कोन गेलं का?"

"आजून कुनी गेलं न्हाई. पण जानार हायेत."

"कोन?"

त्यानं सांगितलं. कुसुमबाईनं भाकरी तव्यावरून उतरवली, परातीत ठेवली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आपल्या दोन येकरात ह्याच अळ्यांनी ज्वारीचे पोंगे पोखरून मारले, तवा कुनी रडलं का? निम्म्या ताटाला कणीस न्हाई यंदा. आन तुमी सोयरं मेल्यासारखं तोंड करून बसलाव. आदी माझी भाकर खा, मग त्यांचं सुतक धरा."

त्यानं भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी कधी नव्हे तो रानात जाऊन ज्वारीचं वाळकं ताट उपटून चिरून बघितलं. आत त्याच्या मंडळीपैकीच एक बसलेली होती, चांगली गुटगुटीत. त्यानं तिला काढून वाटेवर टाकलं; साळुंकीनं उचलली. सोमवारी फारमवर आला तेव्हा तो कच्च्या रांगेशी बोलला नाही.

तपासणीला हैदराबादहून आले ते साहेब उंच, सफारीतले, आणि कुणाच्याही बोलण्यावर पहिल्या फटक्यात विश्वास न ठेवणारे. त्यांनी तिन्ही रांगा बघितल्या, चष्मा काढून परत बघितल्या. सत्यशीला इंग्रजीत समजावत होती. साहेब मान हलवत होते, पण शेवटी त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला, की असली ज्वारी उद्या झालीच, तर ती खाऊन माणूसही अळीसारखाच वाळणार नाही कशावरून? सत्यशीला बोलू लागली, पण साहेब मधेमधे तोडायला लागले. मागं मुंजाजी हे सगळं सूर्यभानला कानात मराठीत सांगत होता, जेवढं त्याला समजलं तेवढं.

सूर्यभान निजामाच्या काळात दोन इयत्ता उर्दूत शिकलेला, अळीला 'इल्ली' म्हणतात एवढं त्याला ठाऊक. तो स्टोव्हपासून उठला आणि म्हणाला, "साब, इल्ली के पास तवा नै रहता."

साहेब वळले. "क्या बोले?"

"इल्ली कच्चा खाती, साब. आदमी भाकर सेंक को खाता. तवे पे गया तो इसका जोर निकल जाता. मैं चार बार भून को खिलाया. देखो कैसी मोटी हुई." आणि त्यानं भाजलेल्या रांगेतली डबी उघडून साहेबांच्या नाकासमोर धरली.

साहेबांनी डबीत बघितलं, मग सूर्यभानकडं बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. हैदराबादच्या बोलीत त्यांनी विचारलं, की भाजून घालायची कल्पना कुणाची? सत्यशीलाला 'माझी' म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "हमारे आचारी की, सर. पहले गलती से हुआ, बाद में हमने जानबूझकर किया." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा मागितला. सूर्यभाननं केलेला चहा त्यांनी दोनदा घेतला.

प्रयोग पुढं तीन वर्षं चालला. ज्वारीच्या ताटात ते प्रोटीन आणणं ही फार लांबची गोष्ट होती; ते करणारी यंत्रं परभणीत नव्हती, आणि पुढं पैसेही आले नाहीत. सत्यशीलाची बदली औरंगाबादकडं झाली. पण तिचा अहवाल छापून आला, त्याच्या शेवटच्या पानावर आभार होते, आणि त्यात 'श्री. सूर्यभान, चारठाणा, यांच्या पाकविषयक साहाय्याबद्दल' अशी ओळ होती. कुसुमबाईनं ते पान गावातल्या मास्तरांकडून वाचून घेतलं. 'पाकविषयक' म्हणजे काय ते मास्तरांनी सांगितलं, तरी ती पुढं सगळ्यांना 'शास्त्रविषयक' असंच सांगत राहिली.

सूर्यभान ब्याण्णव साली फारमवरून सुटला आणि पुन्हा लग्नांच्या चुलींकडं वळला. पण आता त्याची खोड बदलली होती. पुढच्याच उन्हाळ्यात मुंजाजीच्या थोरल्या मुलीचं लग्न गंगाखेडला होतं. सूर्यभाननं मुंजाजीला न विचारता कढीच्या दोन कढया केल्या, एक नेहमीच्या बेसनाची, दुसरी निम्मं सोयाबीन घातलेली. एका बाजूच्या पंगतीला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी. वाढप्यांना बजावून ठेवलं, की कढया बदलल्या तर गाठ माझ्याशी. आणि स्वतः पेन्सिल घेऊन मांडवाच्या खांबाला टेकून कोण किती वाट्या घेतं ते टिपत उभा राहिला.

मुंजाजीला सुगावा लागला तसा तो खांबापाशी धावत आला. "सूर्यभान, माझ्या सोयऱ्यांवर प्रयोग करायलास?"

"हलू नको, मोजनी चुकंल," सूर्यभान म्हणाला.

पंगती उठल्या. सगळे तृप्त होते. नवरदेवाच्या चुलत्यानं तर कढी बांधून मागितली. सत्यशीला औरंगाबादहून लग्नाला आली होती. सूर्यभाननं तिला मांडवाच्या कडेला गाठून कागद दाखवला. दोन्ही बाजूंच्या वाट्या जवळजवळ सारख्याच होत्या, सोयाबीनच्या चार जास्त.

तिनं कागद नीट वाचला. "मामा, चांगलं केलंत. पण एका लग्नावरून काही ठरत नाही. निदान तीनदा करून बघायला पाहिजे, तेही अशाच माणसांवर."

सूर्यभाननं मान डोलावली आणि कागदाची घडी करून कोपरीच्या खिशात घातली. मग तो नवरीच्या बापाला शोधत मांडवातून हिंडला. मुंजाजी व्याह्यांना पान देत होता.

"मुंजाजी," सूर्यभाननं विचारलं, "तुला आनखी दोन पोरी हायेत ना?"

"हायेत," मुंजाजी म्हणाला. "पण आचारी दुसरा बघनार हाय."